आंबील ओढ्याचा बांध : पुण्याच्या पेठांना कोरडी जमीन देणाऱ्या पाण्याची कथा

१.
पुण्यातील सारसबागेच्या गणपतीला जुने पुणेकर आजही ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. एकेकाळी या मंदिराला चहूबाजूंनी वेढणारे विस्तीर्ण तळे मात्र आता नाही. त्याच्या जागी हिरवळ आणि पायवाटा आहेत. नाव राहिले, पाणी गेले. ते पाणी कोठून आले होते, ते कोणी व कशासाठी अडवले आणि पुढे त्याचे काय झाले, याचा शोध घेऊ लागले की वाट आंबील ओढ्यापाशी येऊन थांबते.

२.
ही कथा पुण्याची असली तरी तिचा धडा पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्याला आज अधिक लागू पडतो. पवना, मुळा आणि इंद्रायणी या तीन नद्यांच्या काठांवर गेल्या काही दशकांत एक महानगर उभे राहिले. पवनेचे पाणी वाढले की चिंचवडच्या मोरया गोसावी समाधी मंदिरात ते शिरते, हे दृश्य पावसाळ्यात परिचयाचे झाले आहे. नदी आणि वस्ती यांच्यातील हा व्यवहार शेजारच्या पुण्यात पावणेचारशे वर्षांपूर्वीच सुरू झाला होता.

३.
आंबील ओढ्याचा उगम पुण्याच्या दक्षिणेस, कात्रजच्या डोंगरांत होतो. तेथून उत्तरेकडे उतरत तो पर्वती टेकडीच्या पायथ्याशी येतो. आज तेथून तो दांडेकर पुलाखालून जाऊन मुठा नदीला मिळतो. पूर्वी मात्र त्याचा मार्ग वेगळा होता. पर्वतीपासून तो आजच्या शुक्रवार पेठ व बाजीराव रस्त्याच्या परिसरातून सरळ उत्तरेकडे वाहत असे आणि शनिवार पेठेच्या बाजूस मुठेत उतरत असे. आजचा गजबजलेला मध्यवर्ती भाग त्या काळी ओढ्याचा काठ होता.

४.
त्या वेळचे पुणे म्हणजे कसबा. उत्तरेस मुठा, पूर्वेस नागझरी आणि पश्चिमेस आंबील ओढा, अशा तीन प्रवाहांच्या कुशीत हे गाव वसले होते. तांबडी जोगेश्वरीचे मंदिर गावाबाहेर, याच ओढ्याच्या काठी होते. तिन्ही बाजूंना पाणी असणे गावाला सोयीचे होते, तसेच धोक्याचेही. मुठेच्या पुराची चाहूल आधी लागे, कारण नदी हळूहळू चढते. ओढ्याचा स्वभाव निराळा. डोंगरात ढग फुटला की तासा-दोन तासांत लोंढा गावाच्या अंगाशी येई.

५.
सतराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस पुण्यावर मोठे अरिष्ट कोसळले. आदिलशाही फौजेने मुरार जगदेवाच्या हुकमाने गाव जाळले आणि त्यावर गाढवांचा नांगर फिरवला. त्याच सुमारास १६३०–३२ चा भीषण दुष्काळ दख्खनभर पसरला. १६३६ नंतर शहाजीराजांची जहागीर पुन्हा मार्गी लागली आणि जिजाबाई बालशिवाजींसह पुण्यास आल्या. त्यांच्यापुढे ओसाड गाव होते. घरे पडली होती, कुळे परागंदा झाली होती आणि शेते पडीक होती.

६.
उजाड गाव पुन्हा वसवायचे तर केवळ वाडा बांधून भागत नाही. पळून गेलेला कुणबी परत यायला हवा असेल, तर आपले पीक आणि आपले घर टिकेल अशी त्याची खात्री पटावी लागते. लाल महाल, कसबा गणपतीचे मंदिर आणि सोन्याचा नांगर या गोष्टी त्या पुनर्वसनाच्या स्मृती म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. त्याच काळातील आणखी एक काम त्या मानाने दुर्लक्षित राहिले आहे. जिजाबाईंच्या देखरेखीखाली आणि दादोजी कोंडदेवांच्या कारभारात पर्वतीच्या पायथ्याशी आंबील ओढ्याला बांध घातला गेला, अशी नोंद पुण्याच्या इतिहासलेखनात केली जाते.

७.
जागेची ही निवड विचारपूर्वक केलेली दिसते. कात्रजच्या उतारावरून वेगाने येणारा ओढा पर्वतीपाशी सपाटीला लागतो. पाणी वेग धरून असते तेथे बांध टिकवणे कठीण, आणि पाणी गावात शिरल्यावर ते अडवण्यात अर्थ नाही. दोहोंच्या मधली जागा म्हणजे पर्वतीचा पायथा. तेथे एका बाजूस टेकडीचा आधार मिळतो आणि मागे पाणी पसरायला मैदान असते. साठलेल्या पाण्यावर आसपासची शेतीही भिजू शकते. एकाच कामातून पूर आवरणे आणि पाणी पुरवणे, हे दोन्ही हेतू साधतात.

८.
लहान बांध पूर कसा आवरतो, हे समजून घेण्यासाठी थोडे गणित पुरेसे आहे. समजा, १० चौरस किलोमीटर पाणलोटावर दोन तासांत १०० मिलिमीटर पाऊस पडला. हे एकूण पाणी १० लाख घनमीटर होते. त्यातील निम्मे जमिनीत मुरले किंवा शेताच्या बांधांत अडले, तर ओढ्यात ५ लाख घनमीटर उतरते. आता १० हेक्टरांचे आणि ३ मीटर खोलीचे तळे वाटेत असेल, तर त्यात ३ लाख घनमीटर पाणी मावते. उरलेले २ लाख सांडव्यावरून सावकाश बाहेर पडते.

९.
म्हणजे बांधामुळे पाऊस कमी होत नाही आणि पाणी नाहीसेही होत नाही. दोन तासांत येणारा लोंढा बारा तासांवर पसरतो, एवढेच घडते. गावाच्या दृष्टीने तेवढेच महत्त्वाचे असते. मात्र याला एक अट आहे. पाऊस येईल तेव्हा तळ्यात मोकळी जागा असली पाहिजे. दरवर्षी ३ सेंटिमीटर गाळ साचला, तर वरच्या उदाहरणातले तळे शंभर वर्षांत पूर्ण भरून जाईल. त्यानंतर बांध उभा दिसेल, पण पुराच्या दिवशी त्याचा काडीचाही उपयोग होणार नाही. बांध एकदाच बांधला जातो. गाळ दरवर्षी काढावा लागतो.

१०.
शंभर वर्षांनंतर पुण्याचे रूप पालटले. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याच्या बांधकामास आरंभ केला आणि पुणे मराठा सत्तेचे केंद्र बनले. सरदार, सावकार, कारागीर आणि विद्वान यांचा ओघ सुरू झाला. कसब्याभोवती नव्या पेठा वसू लागल्या. गावाची पश्चिम सीमा असलेला आंबील ओढा आता वाढत्या शहराच्या मधोमध आला. त्याचे पात्र वाढीला अडसर ठरू लागले आणि त्याचा पूर राजधानीला परवडण्यासारखा राहिला नाही.

११.
नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत (१७४०–१७६१) या ओढ्यावर तीन मोठी कामे झाली. पहिले काम उगमाकडे, कात्रजला. १७५० च्या सुमारास तेथे तलाव बांधून त्याचे पाणी भुयारी नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातील हौदांपर्यंत पोहोचवण्यात आले. कात्रजला एकाखाली एक असे दोन तलाव आहेत. वरच्या तलावात गाळ बसावा आणि खालच्यात निवळ पाणी यावे, अशी ती रचना होती. नळाच्या मार्गावर ठिकठिकाणी उभारलेले उच्छ्वास आतील हवेचा दाब मोकळा करीत. पाणी केवळ उताराच्या बळावर वाहत असे.

१२.
दुसरे काम पर्वतीच्या पायथ्याशी झाले. तेथे मोठा बांध घालून तळे निर्माण करण्यात आले. या कामाविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. काम रेंगाळलेले पाहून पेशवे हत्तीवरून उतरले आणि स्वतः दगड उचलू लागले. ते पाहताच बरोबरच्या मानकऱ्यांनाही हात लावावा लागला. तळ्याच्या मध्यभागी एक बेट राखून त्यावर बाग करण्यात आली, तीच सारसबाग. पुढे सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ मध्ये, या बेटावर गणपतीची स्थापना झाली.

१३.
तिसरे काम सर्वांत दूरगामी ठरले. ओढ्याचा मार्गच बदलण्यात आला. पर्वतीपाशी त्याला पश्चिमेकडे वळवून पेठांच्या बाहेरून मुठेला नेण्यात आले. जुने पात्र कोरडे पडले आणि कालांतराने त्यावर वाडे, रस्ते व देवळे उभी राहिली. जो काठ पुराच्या भीतीने मोकळा ठेवावा लागत होता, तो शहरातील मोलाची जमीन बनला. आज शुक्रवार पेठेतून किंवा बाजीराव रस्त्याने चालणाऱ्याला पायाखाली कधीकाळी ओढा वाहत होता, याची कल्पनाही येत नाही. पूरनियंत्रणाचे यश असेच असते. ते पूर्ण झाले की दिसेनासे होते.

१४.
या यशातच एक धोका दडलेला असतो. अमेरिकन भूगोलज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात हा धोका नेमका मांडला. बांध-बंधाऱ्यांमुळे लहान पूर थांबतात. त्यामुळे पूरक्षेत्र सुरक्षित वाटू लागते आणि लोक तेथे वस्ती करतात. मग बांधाच्या आवाक्याबाहेरचा पूर येतो, तेव्हा पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक हानी होते, कारण मधल्या काळात त्याच्या वाटेत माणसे येऊन राहिलेली असतात. व्हाइट यांच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतील नद्या होत्या. आंबील ओढ्याची पुढची हकिकत मात्र त्यांच्या म्हणण्याशी आश्चर्यकारकरीत्या जुळते.

१५.
१८१८ मध्ये पेशवाई संपली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुठेवर खडकवासल्याचे धरण झाले आणि शहराच्या पाण्याची भिस्त त्यावर गेली. कात्रजचा नळ आणि पर्वतीचे तळे यांची निकड ओसरली. विसाव्या शतकात पर्वतीचे तळे कायमचे कोरडे होऊन त्याची बाग झाली. पिण्यासाठी किंवा शोभेसाठी तळे लागत नाही, हे खरेच होते. परंतु पाणी पसरायला राखलेली मोकळी जागा म्हणूनही त्या मैदानाचे काही मोल होते, आणि त्या मोलाचा हिशेब कोणत्याही वहीत नव्हता.

१६.
१२ जुलै १९६१ रोजी बांधकाम पूर्ण न झालेले पानशेत धरण फुटले. त्या लोंढ्यापुढे खाली असलेले खडकवासला धरणही टिकले नाही. मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले आणि हजारो कुटुंबे बेघर झाली. त्यांच्यासाठी शहराच्या वेगवेगळ्या भागांत नव्या वसाहती उभारण्यात आल्या. त्यांपैकी काही पर्वतीच्या दक्षिणेस, सहकारनगरच्या परिसरात होत्या. मुठेच्या पुराने उठवलेली माणसे अशा रीतीने आंबील ओढ्याच्या शेजारी येऊन राहिली. तेव्हा तो भाग गावाबाहेरचा, शांत आणि मोकळा होता.

१७.
पुढील अर्धशतकात कात्रज, धनकवडी, पद्मावती, अरण्येश्वर या सर्व भागांत दाट वस्ती झाली. शेते गेली, काँक्रीट आले. वरच्या गणितात यामुळे काय बदलते ते पाहावे. पूर्वी निम्मे पाणी जमिनीत मुरत होते. आता पाचातील चार भाग वाहून जाऊ लागले, तर त्याच पावसात ओढ्यात ५ ऐवजी ८ लाख घनमीटर पाणी येते. पाणी वाढत असतानाच पात्र भिंतींनी आणि भरावांनी अरुंद होत गेले. बोलण्यातही ‘ओढा’ मागे पडून ‘नाला’ आला. ओढ्याला काठ असतो. नाल्याला फक्त रुंदी उरते.

१८.
२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्याच्या दक्षिणेकडील डोंगरभागात थोड्या वेळात प्रचंड पाऊस झाला. आंबील ओढ्याचा लोंढा अरण्येश्वर, सहकारनगर, पद्मावती या भागांतील घरांत शिरला. टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसे दगावली. त्या रात्री पुणे शहर आणि लगतच्या भागांत वीसहून अधिक लोकांचा मृत्यू झाला. मोटारी कागदी होड्यांसारख्या वाहत गेल्या. झोपेत असलेल्या लोकांना सावध होण्यास वेळ मिळाला नाही. सतराव्या शतकातील कसब्याला ज्या प्रकारचा पूर ठाऊक होता, तोच हा पूर होता. डोंगरातून एकाएकी येणारा.

१९.
ओढ्याने वेठीस धरलेली जागा मात्र बदलली होती. जुन्या पात्रावरच्या पेठा या वेळी सुरक्षित होत्या, कारण पावणेतीनशे वर्षांपूर्वी ओढा त्यांच्यापासून दूर नेला होता. ज्या नव्या मार्गाने तो नेला, त्या मार्गावर आणि त्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांनी किंमत मोजली. त्यांत मोठी संख्या कष्टकरी कुटुंबांची होती. जून २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळ ओढ्याचा प्रवाह सरळ करण्यासाठी काठावरील घरे पाडण्यास सुरुवात झाली, तेव्हा रहिवाशांनी तीव्र विरोध केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. ऐन पावसाळ्यात आमचीच घरे का, हा त्यांचा प्रश्न होता. शहराने वळवलेल्या पाण्याचे ओझे कोणी वाहायचे, हा त्यामागचा जुना प्रश्न आहे.

२०.
आता पिंपरी-चिंचवडकडे वळावे. महाराष्ट्रात नद्यांसाठी दोन पूररेषा आखल्या जातात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो ती निळी रेषा, आणि १०० वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो ती लाल रेषा. ‘२५ वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा पूर आला की पुढची २४ वर्षे निश्चिंती, असा होत नाही. दरवर्षी ४ टक्के शक्यता, असा त्याचा अर्थ आहे. निळ्या रेषेवरील घरासाठी २० वर्षांचे कर्ज घेतले, तर ते फिटण्याआधी किमान एकदा असा पूर येण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के भरते. नाणेफेकीपेक्षाही अधिक.

२१.
मे २०२५ मध्ये चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत उभे असलेले ३६ बंगले महापालिकेने पाडले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवल्यानंतर ही कारवाई झाली. अनेकांची आयुष्यभराची बचत त्या भिंतींत होती. पूररेषा कागदावर असतानाही तेथे भूखंड विकले गेले आणि घरे बांधली गेली. नदीने नेण्यापूर्वीच कायद्याने ती घरे नेली, एवढाच काय तो फरक. जमीन कोरडी दिसते म्हणून ती नदीची नाही, असा समज आंबील ओढ्याच्या काठीही असाच रुजला होता.

२२.
यावरून जुने बांध व्यर्थ होते, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. जिजाबाईंच्या काळातील बांधाने उद्ध्वस्त गावाला पुन्हा उभे राहण्याचा धीर दिला. नानासाहेबांच्या कामांनी एका राजधानीला पाणी आणि जमीन दिली. या दोन्ही पिढ्यांना एक गोष्ट कळली होती : ओढा अडवायचा तर त्याला पसरायला जागा ठेवावी लागते. म्हणून त्यांच्या बांधांमागे तळी होती, आणि कात्रजला तर गाळासाठी स्वतंत्र तलाव होता. नेदरलँड्ससारख्या देशाने, शतकानुशतके बांध उंच करीत गेल्यानंतर, एकविसाव्या शतकात नद्यांना पसरण्यासाठी जागा परत देण्याची मोठी योजना राबवली. ही जाणीव पर्वतीच्या पायथ्याशी फार पूर्वी होती. पुढे ती विसरली गेली.

२३.
सारसबागेत संध्याकाळी शेकडो माणसे येतात. देवदर्शन होते, मुले हिरवळीवर धावतात. मंदिराच्या पायऱ्या चढताना आजूबाजूच्या खोलगट जमिनीकडे सहज लक्ष जाते. तोच तळ्याचा तळ. पावणेतीनशे वर्षांपूर्वी कात्रजच्या डोंगरातून आलेले पाणी तेथे विसावत असे, आणि तेवढ्या अवधीत खालचे शहर वाचत असे. तेथून काही अंतरावर, दांडेकर पुलाखाली, तोच ओढा आजही वाहतो. उन्हाळ्यात तो जेमतेम घोटाभर असतो. त्याची रुंदी ठरवताना मात्र उन्हाळ्यातला ओढा पाहून चालत नाही.